टॅमॉक्सिफेन चालेनाशी का झाली? मायक्रोआरएनए आणि आईचा दिवेघाट

अश्विनी_कर्वेनगर (धागाकर्ती)

नमस्कार. लांबेल थोडं, पण एकदाच सगळं लिहून टाकते.

आईला २०१९ मध्ये, ४९ व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर निघाला. ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनवर वाढणारा, पण हर-टू हे प्रथिन जास्त नसलेला. ऑपरेशन, रेडिएशन आणि मग टॅमॉक्सिफेन (इस्ट्रोजेनला अडवणारी गोळी), रोज २० मिलिग्रॅम. साडेपाच वर्षं छान गेली. दिवाळीनंतर कंबर धरायला लागली. मणक्याचं असेल म्हणून आम्ही महिनाभर शेकत बसलो. पेट स्कॅन केला तेव्हा कमरेच्या हाडात आणि एका बरगडीत आजार दिसला. डॉक्टरांनी टॅमॉक्सिफेन थांबवून दुसरं औषध सुरू केलंय.

मला आत्ता जास्त छळतंय ते वेगळंच. २०२३ च्या आषाढात आई माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालली. कॅन्सरनंतर पहिल्यांदाच, दिवेघाट पायी चढली. किती आनंदात होती! गोळ्यांची डबी मात्र ओट्यावरच राहिली आणि तीन दिवस गोळी चुकली. आता रात्री उठून बसते आणि म्हणते, "तेव्हाच ते परत शिरलं गं अंगात. माझ्याच हातून झालं." मी काय सांगणार? मला खरं उत्तर माहीत नाही.

त्यात गेल्या आठवड्यात एका खासगी लॅबच्या प्रतिनिधीचा फोन आला (नाव लिहीत नाही). रक्तातल्या मायक्रोआरएनएचं पॅनेल केलं की कुठलं औषध लागू पडेल ते आधीच कळतं म्हणे. ३८ हजार रुपये. आमचा नंबर कुठून मिळाला, यावर उत्तर नाही. बाबा म्हणतात, एफडी मोडू.

दोन गोष्टी हव्यात. चुकलेल्या गोळ्यांनी खरंच असं होतं का? आणि हे मायक्रोआरएनए काय प्रकरण आहे, त्याच्या तपासणीवर भरवसा ठेवावा का?

---

कांचनगंगा

अश्विनी, वाचून गलबलले. माझी धाकटी जाऊ यातून गेली आहे. आईंना एकटीनं जागू देऊ नकोस, त्यांच्या खोलीत झोप काही दिवस. बाकी जाणकार लिहितीलच.

---

डॉ_मेघमल्हार

मी कॅन्सरच्याच विभागात काम करते. तुमच्या आईचे कागद पाहिलेले नाहीत, तेव्हा उपचाराचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. पण दिवेघाटाचं उत्तर मी खात्रीनं देऊ शकते, म्हणून आधी तेच.

टॅमॉक्सिफेन शरीरातून फार सावकाश उतरतं. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला पाच ते सात दिवस लागतात. यकृतात त्यापासून जे रूप तयार होतं, एन-डेसमिथाइल टॅमॉक्सिफेन, त्याला तर सुमारे दोन आठवडे. आई तेव्हा चार वर्षं रोज गोळी घेत होत्या, म्हणजे अंगात साठा होता. तीन दिवसांत तो थोडा खाली गेला असेल आणि परत आल्यावर भरून निघाला असेल. घाट चढताना त्यांच्या अंगात टॅमॉक्सिफेन होतंच. हे त्यांना माझ्या शब्दांत वाचून दाखवा. (इतर वाचकांसाठी: महिनोन्‌महिने गोळी सोडणं ही वेगळी गोष्ट आहे. त्यानं धोका वाढतो.)

दुसरं, "शिरलं" हा शब्द त्यांच्या डोक्यातून काढायला हवा. ईआर पॉझिटिव्ह कॅन्सरची खोडच अशी की तो उशिरा परततो. पाच वर्षांचं औषध संपल्यावरही पुढे वीस वर्षांपर्यंत दरवर्षी काही जणींमध्ये तो परत येत राहतो, हे मोठमोठ्या अभ्यासांत दिसलंय. हाडात गेलेल्या पेशी बहुतेक वेळा पहिल्या ऑपरेशनच्या आधीच तिथे जाऊन बसलेल्या असतात आणि वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात. २०१९ मध्ये त्या कुठल्याच स्कॅनमध्ये दिसल्या नसत्या.

मायक्रोआरएनएवर माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे इथे आहेत. पाषाण_टेकडी, वाचताय ना?

---

पाषाण_टेकडी

वाचतोय. पाषाणला पीएचडी करताना पाच वर्षं याच विषयात घालवली, त्यामुळे लांबण लागेल.

मंगल कार्यालय डोळ्यापुढे आणा. मालकाच्या कपाटात मूळ वही असते, ती बाहेर जात नाही. हा आपला डीएनए. त्यातल्या एकेका पदार्थाची चिठ्ठी लिहून भटारखान्यात पाठवतात. ही चिठ्ठी म्हणजे मेसेंजर आरएनए, आणि भटारखान्यात शिजतं ते प्रथिन. आपण शाळेत शिकलो ते इथवर.

मायक्रोआरएनए म्हणजे भटारखान्याच्या दारात चिठ्ठ्या तपासणारा माणूस. तो स्वतः काही शिजवत नाही. जेमतेम २२ अक्षरांचा असतो. अर्गोनॉट नावाच्या प्रथिनात बसून तो येणाऱ्या चिठ्ठ्यांची शेपटं वाचतो. आपली दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची अक्षरं जिथे जुळतील ती चिठ्ठी तो अडवतो किंवा फाडून टाकतो. जुळायला सात अक्षरं पुरतात, म्हणून एकच मायक्रोआरएनए शेकडो वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर हात ठेवू शकतो. बहुतेक वेळा पदार्थ बंद होत नाही. चार कढयांऐवजी तीन कढया होतात, एवढंच. पण अशा शेकडो पदार्थांत थोडा थोडा फरक पडला तर पंगतीचं चित्र बदलतं. माणसात असे हजाराहून जास्त मायक्रोआरएनए आहेत.

शोध लागला तो एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत. १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रॉस आणि गॅरी रव्हकुन यांच्या प्रयोगशाळांनी दाखवलं की लिन-४ नावाचं जनुक प्रथिन बनवतच नाही. ते फक्त हा इवलासा आरएनए बनवतं आणि त्यानं लिन-१४ ची चिठ्ठी दाबून ठेवतं. लोकांना वाटलं, असेल कृमीची गंमत. सात वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. २००० मध्ये रव्हकुन यांच्याच गटाला लेट-७ सापडला आणि तो माशीपासून माणसापर्यंत जवळपास तसाच्या तसा निघाला. मग सगळे धावले. दोघांना २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता टॅमॉक्सिफेन. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांना महिनोन्‌महिने टॅमॉक्सिफेन पाजलं, तर बहुतेक मरतात आणि थोड्या तगतात. २००८ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी या तगलेल्या पेशी तपासल्या. त्यांच्यात मिर-२२१ आणि मिर-२२२ (मिर म्हणजे मायक्रोआरएनए, पुढे त्याचा नंबर) ही जोडी खूप वाढलेली होती. ही जोडी दोन चिठ्ठ्या दाबते. एक पी२७ ची, म्हणजे पेशीच्या विभाजनाला ब्रेक लावणाऱ्या प्रथिनाची. दुसरी खुद्द इस्ट्रोजेन रिसेप्टरची, म्हणजे टॅमॉक्सिफेन ज्या कुलपात जाऊन बसतं त्या कुलपाची. कुलूपच कमी झालं तर किल्ली कशात बसणार? आणि ब्रेकही गेलेला. संशोधकांनी बाहेरून पी२७ वाढवलं तेव्हा त्याच पेशी पुन्हा औषधाला बधल्या.

अशा जोड्या बऱ्याच आहेत. मिर-२१ पी-टेन या प्रथिनाची चिठ्ठी दाबतो. पी-टेन गेलं की पेशीतला "वाढा, मरू नका" हा निरोप मोकाट सुटतो आणि हर-टूवर नेम धरणाऱ्या ट्रॅस्टुझुमॅबसारख्या औषधाचा जोर ओसरतो. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध पेशीतून उपसून बाहेर टाकणारा एक पंप असतो, पी-ग्लायकोप्रोटीन. डॉक्सोरुबिसिनला न जुमानणाऱ्या पेशींत तो पंप चढलेला आणि मिर-४५१ उतरलेला सापडला. मिर-२०० चं कुटुंब कमी झालं की पेशी शेजारणींचा हात सोडून भटकी होते, आणि भटक्या पेशी औषधांना दाद देत नाहीत.

आईंना सांगण्यासारखं यात एकच. औषधाला न बधणाऱ्या पेशी त्या गाठीतच होत्या किंवा तिथेच घडल्या. गोळीनं बाकीच्या साडेपाच वर्षं रोखून धरल्या, म्हणून उरलेल्यांना वाव मिळाला. गोळी नीट घेणाऱ्या बायकांमध्येही हे होतं.

पण बशीतली पेशी वेगळी आणि कर्वेनगरला राहणारी बाई वेगळी. आईंच्या हाडातल्या पेशींत नेमकं हेच घडलंय का, हे रक्तातल्या मायक्रोआरएनएवरून आज कुणालाही सांगता येत नाही. ३८ हजार घेणाऱ्यालाही.

---

स्मिता_लॅब

मी तेवीस वर्षं रक्त काढते आहे. वरचं वाचून राहवलं नाही.

तपासणीचं यंत्र कितीही भारी असू दे, नळीत काय आलं त्यावर सगळं असतं. लाल पेशींत मिर-४५१ आणि मिर-१६ ठासून भरलेले असतात. सुई नीट लागली नाही, सिरिंज जोरात ओढली, नळी हलवून हलवून मिसळली की लाल पेशी फुटतात आणि हे दोघं सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पाण्यात) सांडतात. बरेचदा डोळ्याला गुलाबी रंग दिसतही नाही, तरी आकडे हललेले असतात. त्यातून मिर-१६ ला पुष्कळ ठिकाणी मोजमापाचा आधार म्हणून वापरलं जायचं. मापट्यालाच भोक असेल तर धान्य काय मोजणार? चांगल्या लॅब आता मिर-४५१ आणि मिर-२३ए यांचं गुणोत्तर पाहून नमुना फुटलाय का ते आधी तपासतात. हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत घेतलं तर आरएनए मोजायची पीसीआरच नीट चालत नाही. सीरम आणि प्लाझ्माचे (न गोठू दिलेल्या रक्तातल्या पाण्याचे) आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, कारण गोठताना प्लेटलेट आपला माल ओततात.

आणि आपल्याकडे घरून नमुना नेतात तो स्कूटरच्या डिकीत, मे महिन्यात, विद्यापीठ चौकातल्या गर्दीतून. एचबी-शुगरला त्यातही नियम आहेत, तेसुद्धा पाळले जात नाहीत म्हणून मी रोज भांडते.

अश्विनीताई, त्या प्रतिनिधीला एवढंच विचारा: नमुना फुटलेला आहे का हे तुम्ही कसं तपासता आणि रिपोर्टात लिहिता का?

---

निवांत_पेठकर

वय ७१, मधुमेह एकोणीस वर्षांचा, एक स्टेंट. या वयात नवीन विषय कळला की बरं वाटतं, म्हणून विचारतो. हे सगळं फक्त कॅन्सरपुरतं आहे, की आमच्यासारख्यांच्या दुखण्यातही मायक्रोआरएनए असतात? विज्ञान दिनाला नातीबरोबर पाषाणच्या एका प्रयोगशाळेत गेलो होतो, तिथे सूक्ष्मदर्शकाखाली तो कृमी वळवळताना पाहिलाय. त्याचा आणि माझ्या साखरेचा संबंध असेल असं तेव्हा कुणी म्हणालं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं.

---

पाषाण_टेकडी

काका, संबंध आहे. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींत मिर-३७५ भरपूर असतो. २००४ मध्ये उंदरांच्या पेशींवर दिसलं की तो इन्सुलिन बाहेर सोडण्यावर लगाम ठेवतो. मग वाटलं, लगाम काढला की झालं. पण मिर-३७५ पूर्ण काढून टाकलेल्या उंदरांत त्या पेशीच कमी झाल्या आणि साखर चढली. जास्त झालं तरी बिघाड, नाहीसं झालं तरी बिघाड. दीर्घ आजारांत मायक्रोआरएनएला औषध बनवणं अवघड जातं ते अशामुळे.

कोलेस्टेरॉलचं आणखी सुरेख आहे. कोलेस्टेरॉल बनवायला लावणाऱ्या एका जनुकाच्या पोटातच मिर-३३ लिहिलेला आहे. जनुक चालू झालं की हाही बाहेर पडतो आणि पेशीतून कोलेस्टेरॉल बाहेर काढणाऱ्या दरवाज्याची चिठ्ठी दाबतो. म्हणजे एकाच हुकमात "बनवा" आणि "जाऊ देऊ नका". दुष्काळात जगलेल्या पूर्वजांना हे सोयीचं असणार. आपल्याला नाही.

हृदय, मूत्रपिंड, फुप्फुस यांत जे तंतू साचून अवयव कडक होतो, त्यात मिर-२१ वाढलेला आणि मिर-२९ घटलेला दिसतो. मिर-२१ दोन्हीकडे भेटतो बघा, गाठीतही आणि थकलेल्या हृदयातही.

---

निवांत_पेठकर

फार छान. आमचे हृदयरोगतज्ज्ञ वर्षातून दोनदा घ्यायचं एक इंजेक्शन सुचवताहेत, इन्क्लिसिरान. त्यातही आरएनएच आहे म्हणाले. ते हेच का?

---

पाषाण_टेकडी

चुलत भाऊ म्हणा. इन्क्लिसिरान हा एसआयआरएनए, म्हणजे तसाच छोटा आरएनए आहे, कारखान्यात बनवलेला. तो यकृताच्या पेशीत जाऊन त्याच अर्गोनॉटमध्ये बसतो, पण पूर्ण जुळणारी एकच चिठ्ठी फाडतो, पीसीएसके९ ची, म्हणजे यकृताला वाईट कोलेस्टेरॉल उचलू न देणाऱ्या प्रथिनाची. पहिला डोस, तीन महिन्यांनी दुसरा, मग दर सहा महिन्यांनी. एकाच चिठ्ठीवर नेम असल्यामुळे त्याचं औषध होऊ शकलं. मायक्रोआरएनए शेकडो चिठ्ठ्यांना हात घालतो, आणि त्यावर बेतलेलं एकही औषध अजून बाजारात नाही. घ्यावं की नाही हे मात्र तुमच्या डॉक्टरांशीच बोला.

---

तळजाई_सकाळ

विषयांतर वाटेल, पण विचारतोच. बाबांना तीन वर्षांपूर्वी सीएलएल, म्हणजे हळू वाढणारा रक्ताचा कॅन्सर निघाला. फिश (गुणसूत्रांच्या तपासणीच्या) रिपोर्टात "१३क्यू डिलीशन" लिहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, त्यातल्या त्यात बरा प्रकार आहे. हरवलेल्या तुकड्यात मायक्रोआरएनए असतो असं कुठेतरी वाचलं होतं. खरं आहे का? बाबा आता व्हेनेटोक्लॅक्सवर आहेत.

---

डॉ_मेघमल्हार

विषयांतर कसलं! कॅन्सर आणि मायक्रोआरएनएची गाठ पहिल्यांदा पडली ती नेमकी तिथेच.

सीएलएलच्या निम्म्याहून जास्त रुग्णांत तेराव्या गुणसूत्राचा हा तुकडा गळालेला असतो. वर्षानुवर्षं सगळे तिथे कॅन्सर रोखणारं एखादं प्रथिनाचं जनुक शोधत होते. कुठलंच पटेना. २००२ मध्ये जॉर्ज कॅलिन आणि कार्लो क्रोचे यांनी दाखवलं की तिथे मिर-१५ए आणि मिर-१६-१ आहेत. प्रथिनं बनवणारी जनुकं शोधणाऱ्यांच्या नजरेला २२ अक्षरं पडणार कशी? २००५ मध्ये कळलं की हे दोघं बीसीएल-२ ची चिठ्ठी दाबतात. बीसीएल-२ हे पेशीला मरू न देणारं प्रथिन. दारावरचे दोघे पहारेकरी गेले, बीसीएल-२ साचत गेलं, आणि म्हाताऱ्या पांढऱ्या पेशी मरेनात. म्हणून त्या साठत राहतात.

तुमच्या बाबांचं व्हेनेटोक्लॅक्स नेमकं त्या बीसीएल-२ ला धरतं. मायक्रोआरएनएमुळे ते औषध सापडलं असं मात्र म्हणता येणार नाही, बीसीएल-२ आम्हाला १९८० च्या दशकापासून माहीत होतं. पण बाबांच्या पेशींत ते का साचलं याचं एक उत्तर या दोन इवल्या आरएनएंत आहे. फक्त १३क्यू गळालेलं असणं हा चांगल्या गटातला रिपोर्ट, डॉक्टरांनी बरोबर सांगितलं.

---

तळजाई_सकाळ

रिपोर्ट फाईलमधून काढून आत्ता पुन्हा वाचला. तीन वर्षं ती ओळ नुसतीच ओळ होती. मनापासून धन्यवाद, डॉक्टर.

---

उर्मिला_औंध

मी स्वतः टॅमॉक्सिफेनवर आहे, तिसरं वर्ष. हळदीनं वाईट मायक्रोआरएनए कमी होतात असा व्हिडिओ बहिणीनं पाठवला, म्हणून गेले दोन महिने कर्क्युमिनच्या कॅप्सूल घेते आहे. त्यात मिरीचा अर्कही आहे. चालेल ना?

---

डॉ_मेघमल्हार

उर्मिलाताई, हे महत्त्वाचं आहे. कृपा करून कॅप्सूल थांबवा आणि तुमच्या डॉक्टरांना सांगा.

बशीतल्या पेशींवर कर्क्युमिन ओतलं की मिर-२१ उतरतो, हे खरं आहे. पण पोटातून ते रक्तात फारच थोडं पोचतं. उलट २०१९ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायकांना कर्क्युमिन दिलं, तेव्हा एंडॉक्सिफेनची पातळी खाली आली, आणि मिरीतला पायपेरिन जोडल्यावर आणखी खाली. एंडॉक्सिफेन म्हणजे टॅमॉक्सिफेनपासून यकृतात तयार होणारं खरं कामाचं औषध. आमटीतली चिमूटभर हळद बिनधास्त घाला, ती मात्रा वेगळी. पॅरॉक्सेटीन, फ्लुऑक्सेटीन ही मनाच्या आजाराची औषधंही एंडॉक्सिफेन घटवतात. ती कुणी घेत असेल तर परस्पर बंद करू नका, डॉक्टर दुसरं देतील.

---

उर्मिला_औंध

थांबवल्या. उद्या फोन करते.

---

शनिपार_वाचक

मिर-३४ नावाचा चांगला मायक्रोआरएनए असतो, कॅन्सरमध्ये तो कमी होतो, असं वाचलं. मग तो बाहेरून का देत नाहीत?

---

पाषाण_टेकडी

दिला होता. पी५३ हे पेशीचं रखवालदार प्रथिन ज्यांच्याकरवी काम करतं त्यांतला मिर-३४ एक. तो चरबीच्या सूक्ष्म थेंबांत भरून शिरेतून देण्याची चाचणी २०१३ मध्ये सुरू झाली, औषधाचं नाव एमआरएक्स३४. सगळे उपाय संपलेले रुग्ण होते. काहींच्या गाठी आकसल्यासुद्धा. पण काहींची प्रतिकारशक्ती भडकली आणि चार रुग्ण दगावले. २०१६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. मी तेव्हा पीएचडीच्या मधल्या वर्षात होतो. बातमी आली त्या दिवशी लॅबमध्ये कुणी कुणाशी बोललं नाही.

उलट बाजूनं, मिर-१२२ ला अडवून हेपटायटिस सी वर घाव घालण्याचा प्रयत्न बराच पुढे गेला होता. तो विषाणू यकृतातल्या मिर-१२२ च्या आधारानं जगतो. २०१३ मध्ये मिराव्हिरसेनचे निकाल आले, विषाणू खाली गेला होता. पण तेवढ्यात पोटातून घ्यायच्या गोळ्या आल्या, त्यांनी आजार पूर्ण बराच व्हायला लागला आणि हे मागे पडलं.

तपासणी म्हणून खरोखर कसाला उतरलेला एक आहे, मिर-३७१. वृषणाच्या विशिष्ट कॅन्सरमध्ये तो रक्तात फार नेमकेपणानं दिसतो. तो निरोगी प्रौढाच्या रक्तात जवळजवळ नसतोच, म्हणून दिसला की अर्थ लागतो. मिर-२१ तसा नाही. गुडघा सुजला तरी तो हलतो.

---

डॉ_मेघमल्हार

अश्विनी, पॅनेलऐवजी पुढच्या भेटीत हे विचारा. हाडातल्या किंवा बरगडीतल्या गाठीची पुन्हा बायोप्सी करता येईल का? परतलेल्या आजारात ईआर आणि हर-टू कधी कधी बदललेले असतात, मग औषधच बदलतं. त्याच तुकड्यावर पिक३सीए या जनुकाचं म्युटेशन (बदल) पाहता येतं, ईआर पॉझिटिव्ह रुग्णांत ते दहातल्या चौघींत असतं आणि त्यावर औषध आहे. ईएसआर१ चं, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या जनुकाचं म्युटेशन रक्तातूनही पाहता येतं, पण ते जास्त करून अरोमाटेज इनहिबिटर (शरीरात इस्ट्रोजेन बनू न देणारं औषध) घेतल्यानंतर उद्भवतं, त्यामुळे आत्ता लगेच लागेलच असं नाही. या तपासण्यांच्या उत्तरानं उपचार बदलतो. पैसे खर्च करायचे तर इथे करा.

---

अश्विनी_कर्वेनगर

सगळ्यांना एकत्रच लिहिते.

स्मिताताई, प्रतिनिधीला तुमचा प्रश्न विचारला. "मॅडम, ते आमचं मशीन बघतं" म्हणाला. दुसऱ्यांदा विचारल्यावर फोन ठेवला. बाबांनी एफडीचा कागद परत कपाटात ठेवला.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. मी यादी वाचायला लागले तर ते म्हणाले, बायोप्सीचं त्यांच्याही मनात होतं, कंबरदुखी जरा आवरायची वाट बघत होते. येत्या गुरुवारी आहे. तुकड्यावर ईआर, हर-टू आणि पिक३सीए.

डॉक्टर मेघमल्हार, तुमचा पहिला प्रतिसाद आईला रात्री वाचून दाखवला. निम्म्यावर यायला पाच ते सात दिवस, हे तिनं दोनदा विचारलं. मग बोटांवर मोजलं: पुणे, सासवड, आणि परत यायचा दिवस. बराच वेळ गप्प होती. म्हणाली, "म्हणजे घाटात होती ती गोळी माझ्याबरोबर." मग भटारखान्याच्या दारातल्या माणसाबद्दल विचारलं, तो दिसतो का म्हणाली. मला सांगता आलं नाही.

काल रात्री झोपली. साडेपाचला उठून चहा ठेवला होता तिनं.

---

स्मिता_लॅब

गुरुवारच्या आधी रक्त घेतील, गोठण्याची तपासणी असते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आजच डॉक्टरांना सांगा. आणि नळीवरचं नाव आईंना स्वतः वाचायला सांगा, सुई लागायच्या आधी.